लिंकमागची आडत : ऑनलाइन स्पॅनिश वर्ग आणि अ‍ॅफिलिएट योजना

आडत हा शब्द वैजापूर तालुक्यात कोणास समजावून सांगावा लागत नाही. बाजार समितीच्या आवारात कांदा उतरतो, लिलाव होतो, व्यापारी माल उचलतो आणि दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या आडत्याला त्याचा ठरलेला टक्का मिळतो. हा टक्का कोणी सोसायचा, यावर आपल्या राज्यात वर्षानुवर्षे वाद चालला. जुलै २०१६ मध्ये शासनाने फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असा नियम लागू केला, तेव्हा ठिकठिकाणी व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मुख्य फरक एवढाच पडला की आजवर त्याच्या हिशोबपट्टीतून वजा होणारी रक्कम दुसऱ्याच्या पट्टीवर गेली. मात्र त्याआधीही ती पट्टीवर लिहिलेली असे, हे विसरू नये. शेतकऱ्याला ती जाचक वाटे. पण दिसत असे.

ज्या आडतीविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत, ती बहुधा कोणत्याच पट्टीवर दिसत नाही.

आम्ही या शाळेच्या वसतिगृहात वाढलेले आणि पुढे भाषाशिक्षण व ऑनलाइन विक्री या क्षेत्रांत शिरलेले काही माजी विद्यार्थी आहोत. गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर एका विशिष्ट प्रकारचे संदेश वारंवार दिसू लागले आहेत. घरबसल्या परदेशी भाषा शिका, खालील लिंकवरून प्रवेश घेतल्यास सवलत मिळेल, असा त्यांतील पहिला प्रकार. तुम्हीही आमच्याशी जोडले जा आणि प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळवा, असा दुसरा. परदेशी भाषांमध्ये स्पॅनिशचे नाव अलीकडे विशेष ऐकू येते. हे संदेश खरे असतात काय, असे पालक आम्हांस विचारतात. आम्ही हे काम करावे काय, असे नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी विचारतात. आपणच असा वर्ग काढून अशी योजना चालवावी काय, असे विचारणारेही दोघे-तिघे भेटले. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच यंत्रणेत दडलेले असल्याने ती यंत्रणा उलगडून दाखवणे आम्हांस आवश्यक वाटले.

प्रथम स्पॅनिशविषयी थोडे. ही भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांची संख्या जगात पन्नास कोटींच्या आसपास आहे. स्पेन आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतील बहुसंख्य देश मिळून वीसएक देशांची ती राजभाषा आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गेस्टाम्प आणि सीआयई ऑटोमोटिव्ह यांसारख्या मूळच्या स्पॅनिश वाहनभाग उद्योगांचे कारखाने पुणे परिसरात आहेत. वैजापूरपासून वेरूळ जवळच आहे आणि अजिंठा व वेरूळ ही दोन्ही स्थळे १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पाहुण्याच्या भाषेत लेणे समजावून सांगणाऱ्या मार्गदर्शकाला तेथे अधिक मान आणि अधिक मोबदला मिळतो. तेव्हा ही भाषा शिकण्यास कारण आहे. शिकण्याची जुनी दालनेही आहेत. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विदेशी भाषा विभाग, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आणि स्पेन सरकारच्या इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या संस्थेचे २००९ मध्ये सुरू झालेले दिल्लीतील केंद्र, ही त्यांपैकी काही. परंतु रोटेगाव स्थानकावरून रोज पुण्याच्या वर्गाला जाता येत नाही. म्हणून तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ऑनलाइन वर्ग ही चैन राहत नाही. बहुतेकांच्या आवाक्यात असलेला तोच एक जिवंत वर्ग असतो. नेमक्या या गरजेवर अ‍ॅफिलिएट योजना उभी राहते.

अ‍ॅफिलिएट म्हणजे संलग्न विक्रेता. तो माल बनवत नाही, साठवत नाही, पैसेही हाती घेत नाही. तो फक्त ग्राहकाला दुकानाच्या दारापर्यंत आणून सोडतो आणि त्या ग्राहकाने खरेदी केली तर दुकानदार त्याला ठरलेला हिस्सा देतो. ही पद्धत सर्वदूर नेण्याचे श्रेय पुस्तकविक्रीला आहे: अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये आपली संलग्न योजना सुरू केली, त्या वेळी ती प्रामुख्याने पुस्तकेच विकत होती. एखाद्या विषयाची जाण असलेला माणूस त्या विषयावरील पुस्तकाची शिफारस करी, शेजारी लिंक देई आणि त्या लिंकवरून पुस्तक विकले गेले की त्याला थोडे पैसे मिळत. आज उडेमी, कोर्सेरा, प्रेप्ली यांसारख्या शिक्षणाच्या मोठ्या मंचांच्या अशाच योजना आहेत आणि पुण्या-मुंबईतील लहान भाषावर्गही स्वतःच्या योजना चालवतात.

कोणता ग्राहक कोणी आणला हे दुकानाला कसे कळते? प्रत्येक संलग्न विक्रेत्याला दिलेल्या लिंकमध्ये त्याचा क्रमांक गुंफलेला असतो. आपण त्या लिंकवर बोट ठेवले की संकेतस्थळ आपल्या मोबाइलमध्ये एक छोटी नोंद ठेवते. तिला कुकी म्हणतात. त्या नोंदीचे आयुष्य ठरलेले असते. अ‍ॅमेझॉनच्या बाबतीत ते साधारणतः चोवीस तासांचे आहे. अभ्यासक्रम विकणाऱ्या संस्था बहुधा महिनाभर किंवा अधिक मुदत देतात, कारण सहा-सात हजारांचा निर्णय कोणी एका दिवसात घेत नाही. घरी विचारावे लागते, पगाराची वाट पाहावी लागते. या मुदतीत त्याच मोबाइलवरून प्रवेश घेतला तर श्रेय लिंक देणाऱ्याच्या खात्यात जमा होते. आपल्याकडे आणखी एक अडचण संभवते. लिंक मुलाच्या मोबाइलवर उघडली जाते आणि पैसे वडिलांच्या मोबाइलवरून भरले जातात. मग कुकीची साखळी तुटते. यासाठी लिंकबरोबर कूपन कोड देणे अधिक शहाणपणाचे. कोड कोणत्याही मोबाइलवर लिहिता येतो, फोनवरही सांगता येतो आणि ज्याने तो लिहिला त्याला आपण कोणाच्या शिफारशीवर आलो हे पक्के ठाऊक असते.

आता पैशाचा हिशोब मांडू. आमच्या मते या संपूर्ण विषयाची किल्ली येथेच आहे, म्हणून आकडे समजुतीसाठी घेतलेले असले तरी वाचकांनी ते सावकाश पाहावेत.

समजा, एका संस्थेचा स्पॅनिशचा पहिल्या पातळीचा, म्हणजे ए-१ चा, साठ तासांचा थेट वर्ग आहे. शुल्क सहा हजार रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून विद्यार्थी ७,०८० रुपये भरतो. कमिशन मात्र सहा हजारांवरच मोजायचे, कारण कराची रक्कम संस्थेची नसते. वर्गात दहा विद्यार्थी आहेत, म्हणजे साठ हजार रुपये जमा झाले. शिक्षिकेला तासाला सहाशे रुपये दिले तर साठ तासांचे छत्तीस हजार होतात. उरले चोवीस हजार. दहाही विद्यार्थी अ‍ॅफिलिएटमार्फत आले आणि कमिशन २० टक्के असेल, तर बारा हजार कमिशनात जातील. उरलेल्या बारा हजारांत व्हिडिओ-वर्गाचे शुल्क, पैसे स्वीकारण्याचा खर्च, हिशोबनीस आणि संस्थाचालकाचे पोट. ओढाताण आहे, पण चालते. आता कमिशन ४० टक्के करा. चोवीस हजार कमिशनातच संपले. संस्थेकडे शून्य.

तरीही ४०, ५० टक्के कमिशनाच्या जाहिराती आपण पाहतो. त्या खोट्याच असतात असे नव्हे. एकदा ध्वनिचित्रमुद्रित केलेला अभ्यासक्रम हजाराव्या विद्यार्थ्याला विकताना शिक्षिकेचा तास पुन्हा खर्च होत नाही, त्यामुळे तेथे अर्धे पैसे वाटणे परवडते. पण जेथे थेट वर्गाचे आश्वासन आहे आणि कमिशनही निम्मे आहे, तेथे तीनपैकी एक गोष्ट नक्की घडत असते: शुल्क फुगवलेले असते, शिक्षकाचा मोबदला कापलेला असतो, किंवा वर्गात दहाऐवजी साठ विद्यार्थी बसवलेले असतात. म्हणून कोणी मोठ्या कमिशनाची बढाई मारली की आम्ही प्रथम विचारतो, वर्गात शिकवणारे कोण आहे आणि त्यांना तासाचे किती मिळतात? उत्तर बहुधा मिळत नाही. भाषेचा वर्ग शिक्षकाच्या जिवावर चालतो. उच्चार दुरुस्त करणारा कान मुद्रित फितीला नसतो.

जे माजी विद्यार्थी स्वतः वर्ग काढून अशी योजना चालवू इच्छितात, त्यांनी दर ठरवताना हाच हिशोब उलट बाजूने करावा: आधी शिक्षक, मग साधने, मग परताव्यासाठी राखून ठेवलेली रक्कम, आणि उरलेल्यातून कमिशन. परताव्याचा मुद्दा नवखे चालक विसरतात. तीन विद्यार्थी आले, अठरा हजार जमा झाले, २० टक्क्यांनी ३,६०० रुपये कमिशन त्याच दिवशी देऊन टाकले आणि आठवड्याने एका विद्यार्थ्याने शुल्क परत मागितले, तर देय कमिशन २,४०० च होते. वरचे बाराशे आता कोणाकडे मागायचे? आणि ज्याच्याकडे मागायचे तो गावातलाच असतो, कदाचित आपल्याच बाकावर बसलेला. म्हणून परताव्याची मुदत संपल्यावरच कमिशन देय होईल, असे करारात पहिल्याच दिवशी लिहावे. आम्ही याही पुढे जाऊन म्हणतो की कमिशनाचा अर्धा भाग प्रवेशानंतर आणि अर्धा विद्यार्थी वर्गाच्या मध्यापर्यंत टिकल्यावर द्यावा. असे करणाऱ्या संस्था थोड्या आहेत. पण भाषेच्या ऑनलाइन वर्गातील मोठे दुखणे गळतीचे असते आणि शिफारस करणाऱ्याला गळतीची झळ लागल्याखेरीज तो योग्य विद्यार्थी निवडून पाठवणार नाही.

श्रेय कोणाला, हा दुसरा नाजूक प्रश्न. बहुतेक योजनांत शेवटची लिंक जिंकते. एखाद्या मुलीने मराठीत सविस्तर लिहून, दहा जणांच्या शंका निरसून, एका विद्यार्थ्याला स्पॅनिश शिकण्यास प्रवृत्त केले. त्याने प्रवेश घेण्यापूर्वी केवळ सवलतीचा कोड शोधण्यासाठी एखादे कूपनांचे संकेतस्थळ उघडले. सगळे कमिशन त्या संकेतस्थळाला गेले. कष्ट एकाचे, पट्टी दुसऱ्याच्या नावावर. चालकाने कूपन-संकेतस्थळांना योजनेत घेऊच नये, किंवा घेतल्यास त्यांचा दर फार कमी ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. यात उघड लबाडीचाही एक प्रकार आहे. ग्राहकाने लिंकला स्पर्शही केलेला नसताना त्याच्या यंत्रात गुपचूप आपली कुकी सोडायची आणि पुढे त्याने सहज काही खरेदी केली की कमिशन लाटायचे. ईबे या कंपनीच्या योजनेत अशा रीतीने कमिशन उकळल्याबद्दल अमेरिकेत दोन बड्या अ‍ॅफिलिएटांना २०१४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. लहान प्रमाणावरील लबाडी याहून साधी असते. स्वतःच्याच कोडवरून घरातल्यांचे प्रवेश दाखवायचे, कमिशन घ्यायचे आणि मग परतावा मागायचा. देयकाची मुदत पुढे ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

मग प्रामाणिक अ‍ॅफिलिएट नेमके काय विकतो? आमच्या समजुतीप्रमाणे त्याने माहिती द्यावी आणि माहिती चांगली असेल तर विक्री आपोआप होते. मराठी माणसाला स्पॅनिश कशी शिकावी हे मराठीतून समजावणारे साहित्य अद्याप फार थोडे आहे. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजी भाषकाला समोर ठेवून रचलेले असतात. वस्तुतः आपल्याला काही गोष्टी इंग्रजाहून सोप्या जातात. इंग्रजाला स्पॅनिशमधील आवडण्याचे क्रियापद फार छळते, कारण तेथे आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी येते. मराठीत तर तसेच आहे! ‘मला पुस्तक आवडते’ याला स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल लिब्रो’ म्हणतात. पुस्तके अनेक झाली की आपण ‘आवडतात’ म्हणतो आणि ते ‘गुस्तान’ म्हणतात. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजी वळणाच्या जिभेला ते मुद्दाम शिकावे लागतात. ‘तू’ आणि आदरार्थी ‘तुम्ही’ यांतील फरक त्यांच्याकडे ‘तू’ आणि ‘उस्तेद’ असा आहे, आणि पहिला शब्द तर आपल्याच उच्चाराचा. पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्याकडे आलेले शब्दही मदतीला धावतात, कारण पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. आपला पगार आणि त्यांचे पैसे देण्याचे क्रियापद ‘पगार’, आपले मेज आणि त्यांचे ‘मेसा’, आपला साबण आणि त्यांचा ‘खाबोन’, आपला पाव आणि त्यांचा ‘पान’. अवघड काय, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे: ‘असणे’ या एका क्रियापदासाठी त्यांच्याकडे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन आहेत आणि कोणते कोठे वापरायचे हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. असे एखादे टिपण लिहून त्याखाली लिंक देणाऱ्याने कमिशन घेतले तर ते त्याने कमावलेले असते. कोणीतरी पाठवलेला संदेश चाळीस समूहांवर ढकलणाऱ्याविषयी आम्हांस तसे म्हणवत नाही.

वेळेविषयीही खरे बोलावे. तीन महिन्यांत स्पॅनिश आणि त्यानंतर नोकरी, अशा जाहिराती सर्रास दिसतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी संस्था स्पॅनिशला इंग्रजी भाषकांसाठी सोप्या गटात धरते. तरीही कामकाजापुरते प्रावीण्य येण्यास पूर्णवेळ वर्गाचे सुमारे सहाशे ते साडेसातशे तास लागतात, असा तिचा अनुभव आहे. साठ तासांच्या ए-१ वर्गानंतर विद्यार्थी आपले नाव-गाव सांगू शकतो, बाजारात भाव विचारू शकतो. भाषेवर उपजीविका करायची तर बी-२ आणि त्यापुढील पातळ्या गाठाव्या लागतात, आणि तेथवरचा प्रवास दोन वर्षांचा धरलेला बरा. प्रमाणपत्राबाबतही पालकांनी विचारपूस करावी. वर्ग देतो ते प्रमाणपत्र वर्गाचे. जगभर मानली जाणारी डेले ही परीक्षा वेगळी असून ती इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस घेते, तिचे शुल्क निराळे असते आणि एकदा मिळालेली पदविका कधी बाद होत नाही.

आता त्या दुसऱ्या संदेशाकडे वळू, ज्यात शिकण्यापेक्षा जोडण्यावर भर असतो. आम्ही या लेखाचे काम अंगावर घेतले ते मुख्यतः याच्यासाठी. खऱ्या अ‍ॅफिलिएट योजनेत सामील होण्यास पैसे पडत नाहीत आणि कमिशन मिळते ते विद्यार्थ्याने अभ्यासक्रम घेतल्यावर. जेथे आधी काही हजारांचे ‘पॅकेज’ विकत घ्यावे लागते, आणि मग आपल्यासारखेच पॅकेज घेणारे आणखी लोक आणल्यावर, त्यांनी पुढे आणखी लोक आणल्यावर पैसे मिळतात, तेथे अभ्यासक्रम नावापुरता असतो. भाषेचे नाव काढून तेथे शेअर बाजार किंवा इन्स्टाग्राम घातले तरी योजनेत काडीचा फरक पडत नाही, ही तिची खूण. अशा साखळ्यांना आपल्या देशात कायद्याने मनाई आहे: १९७८ चा पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा आहेच, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखालील थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजना निषिद्ध ठरवल्या आहेत. साखळीचे गणित सोपे आहे. एकाने पाच, त्या पाचांनी प्रत्येकी पाच, असे सहाव्या पायरीला १५,६२५ माणसे लागतात आणि आठव्या पायरीला ३,९०,६२५. एवढी माणसे जमवायला आपला सबंध तालुकाही पुरणार नाही. त्यापूर्वीच साखळी तुटते, आणि तुटते तेव्हा तळाशी असतो तो शेवटी आलेला. बहुधा ज्याने उसने पैसे भरले तो. अशा योजना निवासी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांकडे का वळतात हेही ओळखावे. एकाच छताखाली, एकाच ताटावर वाढलेली मुले एकमेकांच्या शब्दावर शंका घेत नाहीत. हा विश्वास बाहेर कोणत्याही जाहिरातीने विकत मिळत नाही, येथे तो फुकट मिळतो.

प्रामाणिक योजनेवरही कायद्याची काही बंधने आहेत आणि ती फार जाचक नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याचा आणि विक्रेत्याचा आर्थिक संबंध असेल तर तो उघड करावा लागतो; आणि जाहिरातीला जोडलेला खुलासा जाहिरातीतील दाव्याच्याच भाषेत हवा. म्हणजे मराठीतून शिफारस करायची आणि तळाशी बारीक इंग्रजीत एक शब्द टाकून मोकळे व्हायचे, हे चालणार नाही. ‘या लिंकवरून तुम्ही प्रवेश घेतल्यास मला कमिशन मिळते’ एवढे एक वाक्य संदेशाच्या आरंभी लिहिले की काम झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि शिफारस करणाराही त्यातून सुटत नाही. कोचिंग क्षेत्रासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वांत नोकरीची व यशाची खोटी हमी देण्यास मज्जाव आहे. योजना चालवणाऱ्याने आपल्या अ‍ॅफिलिएटांना कोणते दावे करायचे नाहीत याची यादीच द्यावी, कारण त्यांच्या तोंडून निघालेली हमी ग्राहक संस्थेचीच समजतो. विमा प्रतिनिधीला विमा कंपनीची रीतसर नियुक्ती लागते, परीक्षा द्यावी लागते. अ‍ॅफिलिएटला यांपैकी काही लागत नाही. म्हणून त्याची पारख करण्याची जबाबदारी चालकावर येते.

माजी विद्यार्थ्यांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादीही येथे आठवते. स्नेहमेळाव्यासाठी गोळा केलेले क्रमांक अभ्यासक्रम विकण्यासाठी वापरणे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे. माहिती ज्या कारणासाठी दिली त्याच कारणासाठी ती वापरावी, हे त्याचे सूत्र. अठरा वर्षांखालील मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यासही तो कायदा मनाई करतो. वसतिगृहात आज राहत असलेली मुले या सर्व व्यवहाराबाहेर राहिली पाहिजेत.

कराविषयी विचारणा होते म्हणून थोडक्यात. कमिशन हे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवावे लागते. वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक कमिशन देणाऱ्या संस्थेला, ती कपातीच्या नियमात येत असल्यास, २ टक्के कर कापून घ्यावा लागतो. पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्के होते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची आवश्यकता नसते. संस्थेकडून दर तिमाहीला कपातीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. नवे लोक हे मागायचे विसरतात आणि परत मिळू शकणारे पैसे सोडून देतात.

राहिला शाळेचा प्रश्न. काही बंधूंनी अशी सूचना केली आहे की माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी वर्ग काढावा, शाळेच्या नावाचा कोड द्यावा आणि येणारे कमिशन वसतिगृहाच्या ग्रंथालयास अर्पण करावे. सूचनेमागील भावना आम्ही जाणतो. तरीही शाळेचे नाव कोडमध्ये घालू नये, असे आमचे मत आहे. पालक ते नाव पाहून प्रवेश घेतील. अभ्यासक्रम पाहून नव्हे. वर्ग चांगला निघाला तर प्रश्न नाही, पण दुसऱ्या वर्षी शिक्षिका बदलली, वर्ग ढासळला, तर तक्रार घेऊन पालक शाळेच्याच दारात उभे राहतील आणि त्या वर्गावर शाळेचा काहीही ताबा नसेल. ग्रंथालयास देणगी द्यायची तर ती सरळ द्यावी आणि तिची पावती घ्यावी. आणि वर्गचालक आपल्यातलाच असेल तर त्याने मधली आडतच ठेवू नये. वरच्या उदाहरणातील बाराशे रुपये शुल्कातून कमी केले तर शुल्क ४,८०० होते, त्यावरील जीएसटी ८६४ रुपये, आणि वैजापूरच्या पालकाला ७,०८० ऐवजी ५,६६४ रुपये भरावे लागतात.